कोरं कापड

राजदूत मोटरसायकल ढकलत दुकानात शिरलेल्या माणसाकडं संघप्रियानं आधी पाहिलंच नाही. तिनं सीट पाहिली.

तिची ती खोडच होती. कोल्हापुरात उद्यमनगरला, लेथ आणि वेल्डिंगच्या दुकानांच्या ओळीत, तिचे वडील बाळासो यांचं कुशनचं दुकान होतं. बाळासोंच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हापासून ते दारातल्या खुर्चीत बसून रस्ता बघत आणि दुकान संघप्रिया बघे. मोटारींच्या गाद्या, मोटरसायकलींच्या सीटा, रिक्षांचे टप… माणसांच्या बसायच्या जागा उसवता-शिवता तिला एक विद्या येऊन गेली होती. चेहरा थापा मारतो, सीट मारत नाही. पुढं सरकून झिजलेली सीट म्हणजे माणूस सदा घाईचा. एका अंगाला कललेली म्हणजे आळशी. नवरा-बायकोच्या मधे पोर बसतंय की भांडण बसतंय, तेही तिला रेक्झिनच्या मधल्या पट्टीवरून कळायचं.

या सीटचा पुढचा अर्धा खोल दबला होता, शिवण उसवून फोम बाहेर डोकावत होता. मागचा अर्धा मात्र… कोरा करकरीत.

"पावणं," ती मान वर न करता म्हणाली, "मागं कुणी बसत न्हाय वाटतं?"

उत्तर येईना, म्हणून तिनं वर बघितलं आणि तिथंच जरा घोटाळा झाला. चेहऱ्यांची सवय नसली की असं होतं. सावळा, उंच, भुवयांवर कापसाचे बारीक तंतू बसलेले, आणि कानाच्या पाळ्या लालभडक.

"सुताचे कोन बांधून नेतो कधीमधी," तो म्हणाला.

"कोनांचं ऱ्हाऊ द्या. माणूस?"

"माणूस… अजून न्हाय."

'अजून' हा शब्द संघप्रियानं मनात बाजूला ठेवला, बऱ्या कापडाचा तुकडा ठेवतात तसा.

नाव बुद्धभूषण, हाक भूषण. कबनूरला मागाच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे माग अडला की सगळे ज्याच्या नावानं ओरडतात तो माणूस. सीट टाकून निघायचं, एवढंच त्याचं काम. पण निघता निघता त्याची नजर दुकानाच्या मागच्या शेडकडं गेली आणि पाय तिथंच थांबले.

शेडमध्ये विमलाबाईंची मोटार उभी होती. विमलाबाई म्हणजे मंगळवार पेठेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. मोटार त्यांच्या वकील वडिलांची, साहेबाच्या काळातली. तिचं छत पत्र्याचं नव्हतं. लाकडी फासळ्या, त्यांवर तारेची जाळी, जाळीवर कापूस, आणि सगळ्यावर ताणून बसवलेलं जाड काळं कापड. त्या कापडाच्या आता चिंध्या झाल्या होत्या. बाईंना सत्तरी पुरी होत होती आणि वाढदिवसाच्या रविवारी त्यांना याच गाडीतून नृसिंहवाडीला जायचं होतं, लहानपणी वडिलांबरोबर जात तसं. संघप्रियानं रेक्झिन सुचवलं, तेव्हा बाईंनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं होतं. "वकिलांच्या गाडीला रिक्षाचा टप घालतेस?"

झालं. तेव्हापासून कापडाचा शोध चालू होता. बाजारातलं एक ताडपत्रीसारखं राठ, तर दुसरं उशीच्या अभ्र्यासारखं पातळ.

भूषणनं जुन्या कापडाची चिंधी उचलली, उजेडाकडं धरली, अंगठ्यानं वीण सारून बघितली. यंत्राशी बोलणाऱ्या माणसाचा चेहरा एकदम मऊ होतो तसा त्याचा झाला.

"हे मी विणून देतो," तो म्हणाला.

"बाजारात न्हाय ते?"

"बाजारात न्हाय म्हणून तर. कोपऱ्यात एक जुना माग हाय. मालक त्याला भंगार म्हणत्यात, मी म्हणत न्हाय."

"आणि सीट कधी पायजे?"

"सीटचं काय… होईल तवा."

सीटचं काम बाळासोंनी त्याच संध्याकाळी बसल्या बसल्या उरकलं. तरीही पुढच्या खेपेला संघप्रियानं भूषणला बेधडक सांगितलं, "झाली न्हाय अजून." आणि पहिल्या दिवशी कामचलाऊ म्हणून बांधून दिलेली येझदीची जुनी सीट त्याच्या राजदूतवर तशीच राहू दिली. ती धड बसत नव्हती, वळणावर डुलायची. कबनूरपासून उद्यमनगरापर्यंत तो त्या डुलत्या सीटवर येत राहिला आणि एकदाही तक्रार केली नाही. जो गिऱ्हाईक स्वतःची सीट मागत नाही, तो दुसऱ्याच कशासाठी तरी येतो, हा हिशेब मांडायला संघप्रियाला फार वेळ लागला नाही.

कधी तो सूत दाखवायला आला, कधी रंग.

"काळाच हाय की," ती म्हणाली.

"काळ्यात फरक असतोय. ह्यो जरा निळ्या अंगाचा. आणि ह्यो… तुमच्या वेणीसारखा."

"वेणीसारखा नको. वेणी धुतली की तेल जातंय."

"मग निळ्या अंगाचा?"

"वेणीसारखाच," ती म्हणाली आणि शिलाई मशीन जोरात चालवायला लागली. मशीनमध्ये कापड नव्हतं. बाळासोंनी दारातून ते पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडं तोंड केलं.

सगळं असं छान चाललेलं, पण मधे मलकापूर होतं.

मलकापूरचं स्थळ येऊन बघून गेलं होतं. मुलगा कचेरीत कारकून, घरचा चांगला, आणि वाईट म्हणावं असं त्याच्यात काही सापडत नव्हतं. फक्त जाताना संघप्रियानं त्याची स्कूटर पाहिली. शोरूममधून येताना सीटवर जे प्लास्टिक असतं ते तसंच होतं, पिवळं पडून चिरलेलं. जो माणूस सीटचं प्लास्टिक काढत नाही, तो बायकोलाही कपाटात ठेवील, असं तिचं झटक्यात मत झालं. पण हे मत काही बापाला सांगण्याजोगं नव्हतं.

"रविवारी त्यांना उत्तर द्यायचंय," बाळासो म्हणाले. "तुझ्या मनात दुसरं काय आसंल तर त्याआधी बोल, संघू. मी जबरदस्ती करत न्हाय. पर कुणाला ताटकळतबी ठेवत न्हाय. तू गप ऱ्हायलीस तर मी व्हय म्हणणार."

मनात दुसरं होतं की! पण त्या दुसऱ्यानं तोंड उघडायला नको? धंद्याचा पहिला नियम खुद्द बाळासोंनीच शिकवलेला: गिऱ्हाइकाच्या मनातलं आपण बोलायचं नाही. काय हवं ते त्यालाच मागू द्यायचं, नाहीतर पुढं म्हणतो, तुम्हीच गळ्यात मारलंत. तेव्हा संघप्रियानं फक्त खडा टाकून पाहिला.

"रविवारी मलकापूरचं पावणं येणार हायत. उत्तराला."

भूषण मोटारीच्या दाराचा एक स्क्रू पिळत होता. "असं व्हय…" तो म्हणाला. "बरं की."

आणि आधीच घट्ट असलेला स्क्रू त्यानं आणखी पिळला. बरं की! संघप्रियाला तो स्क्रूड्रायव्हर त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

मंगळवारी कापड आलं. जाड, घट्ट, काळंभोर, आणि खळीमुळं असं कडक, की उभं केलं असतं तर उभं राहिलं असतं. टपाचं कापड एकट्यानं बसत नाही. दोन अंगांना दोघं लागतात, समोरासमोर, मधे छत. बाळासोंचे गुडघे स्टुलावर चढणार नव्हते, म्हणून भूषणनं बाह्या सारल्या.

"मी 'हं' म्हणलो की ओढायचं," संघप्रियानं बजावलं. कोल्हापूरच्या पोरी 'मी म्हणलो, मी आलो' असंच बोलतात. परगावचा दचकतो, कबनूरचा दचकत नाही. "आधीबी न्हाय, मागनंबी न्हाय. एकानं आधी ओढलं की कापड तिकडं पळतंय, आणि मधे सुरकुती पडती ती जलमभर जात न्हाय."

दोघांनी कापड दोन टोकांनी धरून झटकलं आणि क्षणभर ते दोघांच्या मधे उभं राहिलं. विमलाबाई खुर्चीत बसून देखरेख करत होत्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "अंतरपाट धरल्यासारखं काय उभं राहिलात?"

"आमच्यात मधे कापड धरत न्हाईत, बाई," संघप्रिया पलीकडून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "समोरासमोर बसवत्यात. उघड्या डोळ्यांनी."

पलीकडचं टोक हातातून सुटलं.

"काय ओ जॉबर, दमलासा?"

"न्हाय… हात घसरला."

"हातच का?"

मग 'हं' आणि ओढ, 'हं' आणि ओढ, आणि बारीक खिळ्यांची टिचटिच. दर 'हं'ला त्याची नजर वर यायची, कारण वेळ साधायला तिच्या तोंडाकडं बघावंच लागायचं. संघप्रियानं काही 'हं' उगाच लांबवले, हे कबूल करायला हरकत नाही. दुपारपर्यंत टप असा ताणून बसला, की बोट मारलं तर डफासारखा वाजावा. वर जवसाचं तेल आणि मेणाचा हात उद्या द्यायचा होता. बाईंना मात्र तो उन्हात बघायचा होता, म्हणून गाडी ढकलून अंगणात काढली.

वळीव कोल्हापुरात विचारून येत नाही. जोतिबाच्या अंगाला ढग दाटला, धूळ उठली, कुणाचा तरी पत्रा खडखडला.

"गाडी आत घ्यायची काय?" भूषण म्हणाला.

"टप हाय ओ," संघप्रिया कमरेवर हात ठेवून म्हणाली. "भिजायलाच केलाय. पावसाला भ्याचं तर टप कशाला पायजे?"

थेंब पडले. टपोरे, गार. मातीचा वास उठला. काळं कापड आणखी काळं झालं, सुरेख दिसलं… आणि मग 'टक्' असा आवाज आला. पुन्हा 'टक्'. डाव्या कडेचे खिळे एकामागून एक उडायला लागले. कापड अंग चोरत गेलं, कोपऱ्यात चर्रकन फाटलं, आणि आतला पांढरा कापूस पावसाकडं बघत बसला.

गाडी आत ढकलेपर्यंत तिघंही निथळत होती.

"कापड आटलं!" संघप्रिया म्हणाली.

"आटणारच की. कोरं हाय."

"कोरं? धुतलं न्हाय?"

"मागावरनं उतरलं की आम्ही कोरंच देतोय. धुणं-उकळणं पुढं प्रोसेसवाले बघत्यात. मला वाटलं, तुम्ही बसवायच्या आधी बघणार."

"आमच्याकडं बाजारातनं येतं ते धुतलेलंच येतंय! मला वाटलं, तुम्ही बघून आणलंय."

"मग इचारायचं न्हाय व्हय?" दोघं एकदम म्हणाली.

विमलाबाईंनी पदरानं चष्मा पुसला. "याला वाटलं ती बघेल, तिला वाटलं हा बघेल," त्या म्हणाल्या. "वाटण्यातच फाटलं." आणि कापडाच्या मानानं जरा जास्तच वेळ त्या दोघांकडं बघत राहिल्या. "रविवारी मला वाडीला जायचंय. गाडीनं येते म्हणून दत्ताला कळवून बसलेय."

"मागावर उभ्या सुताचा ताणा शिल्लक हाय," भूषण म्हणाला. "शुक्रवारी आणतो." आणि त्या डुलत्या सीटवर बसून भिजत निघून गेला.

संघप्रिया उडालेले खिळे वेचत बसली. मला वाटलं, त्याला वाटलं… मलकापूरचं नाव काढलं तेव्हा तो 'बरं की' म्हणाला होता. त्याला काय वाटलं असेल? ठरलंय, आणि ते आपल्याला कळावं म्हणून सांगितलं, असं? तिचा हात थांबला. गिऱ्हाइकाला मागू द्यायचं, हा नियम गिऱ्हाइकासाठी ठीक होता. पण जो दोन महिने स्वतःची सीट मागत नव्हता, त्याला गिऱ्हाईक म्हणायचं तरी कसं?

शुक्रवारी नवं कापड आलं. खळ काढायची तर उकळायला हवं, आणि एवढं कापड मावेल असं भांडं कुणाच्या घरात? संघप्रियाला तिचा केरबामामा आठवला. तो वडणग्याला गुऱ्हाळात गुळव्या होता. हंगाम संपून गुऱ्हाळ थंड पडलं होतं, आणि उसाचा रस कढवायची ती भली थोरली काहील पालथी पडली होती.

"आत्तापातूर लई गूळ काढला," केरबामामा चुलवाणात चिपाड सारत म्हणाला. "काळं लुगडं पैल्यांदाच शिजवतोय."

वाफ उठली. काहील कितीही घासली तरी तिच्या अंगातला गुळाचा वास काही गेला नव्हता; तो कापडात शिरला. दोघं दोन बाजूंनी लांब दांड्यांनी कापड खालीवर करत होती. घामानं तिची बट गालाला चिकटली. ती सारायला हात मोकळा नव्हता, आणि ज्याचा हात मोकळा होता त्याची हिंमत नव्हती.

"गाडीला मुंग्या लागल्या तर?" संघप्रिया म्हणाली.

"लागू द्यात. मी काढायला येतो."

"रोज लागल्या तर?"

तो दांडी ढवळायचा थांबला. वाफेच्या पलीकडं त्याचा चेहरा पुसट झाला, पुन्हा दिसला.

"रोज येतो."

"आणि मलकापूरच्या पाव…"

"आरं ढवळा की!" केरबामामा खेकसला. "बुडाला लागंल!"

वाक्य वाफेत विरून गेलं. कापड पिळलं, उसाच्या रिकाम्या शेताच्या बांधावर वाळत घातलं. दुपारी मोजलं तेव्हा ते चांगलं वीतभर आटलं होतं. आता त्याला पावसाचं भय नव्हतं.

शनिवारी पुन्हा शेड, पुन्हा दोन स्टुलं. डोक्याला फासळी लागते का ते बघते, म्हणून विमलाबाई गाडीत जाऊन बसल्या. नवं कापड मऊ होतं, हाताला ऐकत होतं. 'हं' आणि ओढ. कोपरे बसले. कडा बसल्या. फक्त मधली ओढ राहिली, शेवटची. दोघांनी कडा धरल्या. मधे काळं छत, गुळाच्या वासाचं.

'हं' काही येईना.

"काय झालं?" भूषण म्हणाला.

"कापडाचं मी इचाराय पायजे होतं," संघप्रिया म्हणाली.

"मीबी सांगाय पायजे होतं."

"मग आता असं करू या, जॉबर. माझ्या मनात एक हाय. तुझ्याबी मनात एक हाय. हाय का न्हाय?"

'तुम्ही'चा 'तू' झालेला त्याच्या आधी त्याच्या कानांना कळला. ते लाल झाले. "हाय," तो म्हणाला.

"आधी कोण, मग कोण, असं करत बसलो तर सुरकुती पडंल. मी 'हं' म्हणलो की एकदम बोलायचं. आधीबी न्हाय, मागनंबी न्हाय."

त्यानं कड घट्ट धरली. मान हलवली. बाहेर वेल्डिंगची ठिणगी तडतडली, कुणाचा तरी लेथ एका सुरात गुणगुणत होता.

"हं…"

"मलकापूरला न्हाय म्हण!" तो ओरडलाच.

"मलकापूरला न्हाय म्हणतो!" ती म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग तो हसला… सगळा चेहरा उघडून, पहिल्यांदाच. संघप्रियाला वाटलं, बरं झालं, आपण इतके दिवस सीटकडंच बघत होतो. हे रोज बघितलं असतं तर दुकान चाललं नसतं.

"मला वाटलेलं, ठरलंय म्हणून सांगितलंस…"

"आता वाटून घ्यायचं न्हाय. इचारायचं."

"इचारतो. माझ्या मागं…" तो अडखळला. "माझ्या गाडीवर मागं…"

छताला आतून टकटक झाली.

"मला आत सगळं ऐकू येतंय," विमलाबाईंचा आवाज आला. "अभिनंदन. आता तो खिळा ठोका, कापड सैल पडतंय."

त्या संध्याकाळी टपाला मेणाचा हात देऊन झाला, बाई गाडी घेऊन गेल्या, आणि मग संघप्रियानं वडिलांना सांगितलं. बाळासो ऐकून घेऊन नुसते "हं" म्हणाले. त्या 'हं'वर काय ओढायचं ते तिला रात्रभर कळलं नाही.

रविवारी सकाळी भूषण आला तेव्हा बाळासो दारातल्या खुर्चीत होते, आणि त्यांच्या मांडीवर राजदूतची सीट होती.

"मलकापूरला एसटीडीवरनं फोन केला," ते म्हणाले. "न्हाय म्हणालो. वाईट वाटलं त्यांना, पर ताटकळत ठेवण्यापरीस बरं. घरात कोण हाय तुझ्या?"

"आई. धोंडुबाई. तिला सगळं सांगितलंय."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आधी लोकांच्या मोटारीचं कापड नीट करून दे, मग सून आण."

"शहाणी हाय. पुढल्या रविवारी घेऊन ये तिला." बाळासोंनी सीटवर हात फिरवला. "ही सीट कवा झाली ठावं हाय का तुला? तू टाकून गेलास त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी बघतो तर उसवलेली. मी परत शिवली, परत उसवली. मला वाटलं, उंदीर झालेत." त्यांनी लेकीकडं पाहिलं. "मी दारात बसतो म्हणून मला फक्त रस्ताच दिसतोय, असं न्हाय, संघू."

बेधडक संघप्रिया उगाच शिलाई मशीनला तेल घालायला लागली.

मंगळवार पेठेकडून भोंगा ऐकू आला, बदकाच्या ओरडण्यासारखा. विमलाबाई स्वतः गाडी चालवत आल्या. नवा टप मेणाच्या हातानं चमकत होता. त्या थांबल्या नाहीत, फक्त वेग कमी केला.

"तुम्ही दोघं मागून या," त्या खिडकीतून ओरडल्या. "टप उडाला तर धरायला कुणी नको?"

भूषणनं सीट बसवली. पुढचा अर्धा आता भरून वर आला होता. मागचा अर्धा मात्र तिनं मुद्दाम जरा मऊ ठेवला होता, आणि अजून तो तसाच होता, कोरा करकरीत. त्यानं किक मारली. संघप्रियानं ओढणी खोचली आणि बसली. रेक्झिननं हळूच श्वास सोडला.

पुढं काळा टप निघाला होता, वाडीच्या वाटेनं. आभाळ पुन्हा भरून येत होतं. येऊ दे.

"काय ओ," तो मान न वळवता म्हणाला, "मागं कुणी बसलंय वाटतं?"

"मला काय इचारतोस?" संघप्रिया त्याच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाली. "वर्षभरानं सीट बघ."